चौदा बोटांवरचं शहर

मी एक जुना पृथ्वीगोल आहे. होय मित्रांनो, तोच, एका कुशीवर कलंडलेला! कारखान्यात पुठ्ठ्याच्या दोन वाट्या जोडल्या, वर नकाशाच्या कागदी फाका चिकटवल्या, की झालो मी जग.

विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या काकांनी मला दुकानात आणलं. "किती लांब आहे हो?" असं गिऱ्हाइकाने विचारलं की काका दोन शहरांमध्ये दोरा ताणायचे आणि तो बोटांनी मोजायचे. एक बोट म्हणजे विमानाचा साधारण एक तास. लोक खूश. पोरं तर मला नुसती गरागरा फिरवायला यायची. काय गुदगुल्या व्हायच्या म्हणून सांगू!

मग कॉम्प्युटर आला. काकांची सून तो झरझर चालवायची. मी गेलो कपाटावर. अंगावर धूळ, डोक्यावर काकांची टोपी. जगाला टोपी! हसू नका.

एकदा शेजारच्या टेलर मावशी आल्या. त्यांची लेक लांबच्या शहरात, दिवस भरत आलेले, जावई बोटीवर नोकरीला. मावशींनी पोचायलाच हवं होतं. सुनेने स्क्रीनवर विमानाची वाट दाखवली. कमान करून पार वर, बर्फाकडे गेलेली.

मावशी उठल्या. गळ्यातली टेप काढून त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर आडवी धरली.

"हे बघ, सरळ वाट एवढीशी. हा पायलट वर कुठे निघालाय? हवा खायला?"

"मावशी, तोच जवळचा रस्ता आहे."

"मीटर वाढवणारे टॅक्सीवाले काय कमी बघितलेत मी? एवढा वळसा घालून पोचणार कधी? तोवर बाळ रांगायला लागेल! राहू दे. नको तिकीट."

बोलता बोलता त्या दाराकडे निघाल्यासुद्धा.

काकांनी टोपी उचलली. मला खाली घेतलं, बाहीने पुसलं.

"ताई, भिंतीवरचा नकाशा म्हणजे उसवून पसरलेला सदरा. माप अंगावर घ्या."

मावशींनी टेप माझ्या पोटावर आडवी धरली. मग वरून, कमानीने. वरची वाट चांगली तीन बोटं कमी भरली! त्यांनी पुन्हा मोजली. तेच.

"अगं बाई! पोटावरून गेलं की माप वाढतं, हे मला कळू नये? जन्मभर लोकांची पोटंच मोजतेय मी!"

काकांनी त्या वाटेवर बोटं मांडली. चौदा.

"चौदा तास?" मावशी म्हणाल्या. "कामं तुंबली की एवढा वेळ मी मशिनवर बसते. विमानात तर आयतं जेवण देतात म्हणे. काढ गं तिकीट. खिडकीचं!"

"आणि खाली बर्फ दिसला तर?" सून हसली.

"तर तुला फोटो पाठवीन. जळत बस!"

मावशी वेळेत पोचल्या, मित्रांनो. काही दिवसांनी दुकानात फोन वाजला. काकांनी स्पीकर लावला. आधी मावशींचं हसू, मग नाक ओढणं, आणि मग एक नवंकोरं, खणखणीत रडणं.

"ऐकलंत का? नात आहे माझी!"

सुनेने टाळ्या वाजवल्या. काकांनी आनंदाने मलाच एक गिरकी दिली.

तुमच्याही घरी कपाटावर माझा एखादा भाऊ पडला असेल. त्याला खाली काढा, पुसा. तुमचं माणूस जिथे आहे तिथे एक बोट ठेवा, तुम्ही आहात तिथे दुसरं. कितीही लांब असू दे, दोन्ही बोटं तुमचीच असतात.