वरची फळी

"हे बघा काका, इथं खचलीय वरची फळी." वादकाने गिटार टेबलावर आडवी ठेवली आणि तारा पेलणाऱ्या घोडीखालच्या लाकडावरून अंगठा फिरवला. नऊ महिन्यांपूर्वी गिटार इथून नवी नेली तेव्हा जिथे पालथ्या ओंजळीसारखी कमान होती, तिथे आता बशीएवढा खळगा पडला होता.

वृद्ध कारागिराने चष्मा पुसला. "पॉलिश," ते म्हणाले. "जाड पुटं दिली, लाकूड गुदमरलं. कितीदा सांगितलं, पण आमच्या बाईसाहेबांचा हात सढळ!"

कोपऱ्यात चिंधीने दुसऱ्या गिटारीची पाठ घासत बसलेली त्यांची कन्या मान वर न करता म्हणाली, "पॉलिशनं कमान बसत नाही, बाबा."

"आता तू शिकव मला."

वादक संकोचला. "फळी तेवढी बदलून द्या," म्हणाला आणि निघून गेला.

बावीस वर्षे ती त्या कार्यशाळेत राबत होती. पाठ, बाजूच्या पट्ट्या, पॉलिश ही कामे तिची. स्प्रूस लाकडाची वरची फळी मात्र पित्याने तिला कधीही कोरू दिली नव्हती. जाड लाकडातून कमान कोरून काढायची, फळी दोन बोटांत अलगद धरून टिचकी मारायची, ऐकायचे, पुन्हा रंधा चालवायचा. आणि फळी खणखणीत बोलू लागली की त्याच क्षणी हात आवरायचा. "त्याला कान लागतो," एवढेच उत्तर तिच्या वाट्याला येत गेले.

या बसलेल्या फळीचा दिवस तिच्या स्मरणात होता. फळी बोलली होती; तिने ते स्पष्ट ऐकले होते. "बाबा, आला आवाज. पुरे." "तुझ्या कानात आला असेल," असे म्हणून, येऊन गेलेल्या आवाजाची प्रतीक्षा करीत ते आणखी तासभर रंधा चालवीत राहिले; फळी नको तितकी पातळ झाली. त्यांच्या हाताशीच किटली शिट्टी वाजवून वाजवून कोरडी पडली. त्यांनी वळूनही पाहिले नाही. त्या दिवशी ती सारे समजली होती.

दुसऱ्या सकाळी त्यांनी नवी फळी तिच्यापुढे सरकवली. "चष्म्याचा नंबर वाढलाय. माप नीट दिसत नाही. तू कोर."

"चष्म्यामुळेच ना?"

"मग आणखी कशामुळे?"

तिने फळीवरून हात फिरवला. "कोरते. पण ते गिटारवाले आले की त्यांना सांगा, चूक पॉलिशची नव्हती. एवढंच."

"बघू."

सहा दिवस ती कोरीत होती. सातव्या दिवशी टिचकीसरशी फळी बोलली आणि तिने रंधा खाली ठेवला. पिता समोरच बसले होते. त्यांची नजर अजून फळीवरच होती.

फळी बसवून, पॉलिश सुकून गिटार सिद्ध झाली, तेव्हा वादक आला. त्याने जाड तारांवर एकच झणकार उमटवला आणि त्याचा चेहरा उजळला. "काका, तुमचा हात अजून तसाच आहे!"

तिच्या हातातली चिंधी थांबली.

"हात नव्हे रे, कान," ते म्हणाले. "आणि या खेपेला पॉलिशवर मी स्वतः नजर ठेवली." मग जाणत्याच्या थाटात त्यांनी डोळे मिटून घेतले. "हं, वाजव."

वादक सर्वांत बारीक तारेवर गेला. अगदी हळुवारपणे एक छोटी सुरावट त्याने वाजवली, पूर्ण केली आणि तारांवर तळवा ठेवला. खोली निःशब्द झाली.

वृद्धाची मान मात्र तशीच संथपणे डोलत होती. मिटल्या डोळ्यांनी, तृप्त मुद्रेने, ते एका विशिष्ट जागेला दाद द्यावी तसे "वा" म्हणाले.

वादकाने चमकून तिच्याकडे पाहिले. सारे उघडे पडायला तिने नुसते गप्प राहणे पुरेसे होते.

"थांबलात का?" ती म्हणाली. "वाजवा ना. वाजवत राहा."