तरंगणारे बटाटे

"तरंगले! हिचे सगळे तरंगले!" चिप्सच्या कारखान्यात एकच गलका झाला. अक्काने निवडलेले बटाटे टबात वर आले होते. शेजारच्या टबात बाकीच्या बायकांचे बटाटे मुकाट तळाशी बसले होते.

"पातक हलकं असतं, ते वर येणारच," महाराज दाढी कुरवाळत म्हणाले. "बटाटा धरणीचं लेकरू. तो खोटं बोलेल का?"

बटाट्यांची साक्ष काढणारा हा वकील मालकांनीच बोलावला होता. महिनाभर अक्काच्या टेबलावरून आलेल्या मालाचे चिप्स काळे पडत होते. ही गोष्ट मालकांच्या कानावर घातली होती ती तळणाऱ्या काकांनी. त्यांच्या मनात पाप नव्हतं; कुठला माल काळा पडतो हे सांगणं त्यांचं कामच होतं. पण लोकांनी माल सोडून बाईच धरली. त्यात अक्का विधवा. मग काय, तिची दृष्टच वाईट ठरली!

"कढई तापवा," महाराज म्हणाले. "मन साफ असेल तर तेल गार लागेल. हात घालायचा नसेल, तर हिला आजच घालवून द्या."

काकांनी शेगडी पेटवली. मालकांपुढे त्यांची जीभ रेटेना.

"काका, तुम्ही तरी सांगा ना हो!" अक्का म्हणाली. काका शेगडीकडे वळले. तिची दोन लेकरं होती, कमावणारी ती एकटी. तिने डोळे मिटले आणि उजवा हात तेलात घातला.

तिची किंकाळी ऐकून काका भानावर आले. त्यांनी तिला नळाखाली नेलं, ओरडून गाडी मागवली, दोन बायकांबरोबर तिला दवाखान्यात धाडलं.

"बघितलंत? सिद्ध झालं!" महाराज म्हणाले.

काका तडक टबाशी गेले. बोट बुडवलं, चाटलं.

"खारट! अरे, मीठ कालवलंय यात! भरीव बटाटे निवडायला आम्ही पूर्वी मिठाचंच पाणी घ्यायचो. मीठ जास्त झालं की सगळेच तरंगतात."

त्यांनी बटाट्यांची अदलाबदल केली. अक्काचे बुडाले, बाकीच्यांचे वर आले. महाराज दाराकडे सटकू लागले, तसं बायकांनी त्यांना घेरलं.

"मग काळे का पडतात?" मालकांनी विचारलं.

"तिचं टेबल शीतगृहाच्या दाराशी. तिथली पोती तिच्याकडेच येतात. फार गारठ्यात बटाट्यात साखर वाढते आणि ती तेलात करपते." काकांनी शीतगृहातलं एक शिवलेलं पोतं फोडलं. अक्काचा हातही न लागलेला बटाटा कापून तेलात सोडला. चकत्या काळ्याठिक्कर झाल्या.

"काका, एवढं माहीत होतं, तर आधी का नाही बोललात?" एका बाईने विचारलं.

"भ्यालो," काका म्हणाले. त्यांना रडू आवरेना. "माझं चुकलंच. पण तुम्ही एवढे जण होतात, एकानेही विचारलं नाही. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तपासून बघा रे! पाण्यात एक बोट बुडवलं असतं, तर तिचा हात वाचला असता."