भरमाप्पांच्या नावचं फोल्डर

"सर्व्हर बदलला हे कुणाला कळणारबी न्हाय," असं कॉम्प्युटरची कामं घेणारा प्रसेनजीत कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका कोचिंग क्लासच्या सरांना छातीठोकपणे सांगून बसला होता. सोमवारी सकाळी ते सगळ्यांत आधी कळलं पेपर टाईप करणाऱ्या दानेश्वरी आक्कांना. लॉगिन केलं तर डेस्कटॉप धुऊन काढल्यासारखा मोकळा! सराव परीक्षेचा पेपर त्यावरच होता आणि वर हॉलमध्ये पोरं पेन काढून बसली होती.

"पावणं, माझा पेपर कुठं घातलासा?"

"हाय की आक्का. जुन्यावरचं सगळं नव्यावर आणलंय."

"मग दिसंना का?"

प्रसेनजीतला घाम फुटला. पेपर मिळाला नाही तर हे काम हातचं जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आक्कांचा डेस्कटॉप ज्यात साठायचा, ते फोल्डर त्यानं नव्या सर्व्हरवर शोधलं आणि कपाळाला हात लावला. फोल्डरवर मालक म्हणून नाव होतं भरमाप्पांचं, कधीच निवृत्त झालेल्या हेडक्लार्कचं! ते घरी बसले तेव्हा आक्कांना त्यांची खुर्ची मिळाली, टेबल मिळालं आणि फोल्डरही तसंच मिळालं. नाव बदलायचं कुणाला सुचलं नाही. जुना सर्व्हर बिचारा भिडस्त, ओळखीचं कुणीही आलं की आत घ्यायचा. नवा मात्र फोल्डर तुमच्या नावावर आहे का, ते आधी बघत होता.

घाईघाईनं प्रसेनजीतनं भरमाप्पांचं नाव काढून तिथं स्वतःचं घातलं. आक्कांनी पुन्हा लॉगिन केलं. पुन्हा मोकळं रान.

"आता काय केलासा?"

"फोल्डर माझ्या नावावर घेतलं."

"वा! रान मी कसायचं आणि सातबारा तुमचा व्हय?"

प्रसेनजीत ओशाळला. त्यानं आपलं नाव काढलं, आक्कांचं घातलं आणि त्यांना पुन्हा लॉगिन करायला सांगितलं. या वेळी डेस्कटॉप गच्च भरून आला. पेपर छापून वर गेले, तसा त्याचा जीव भांड्यात पडला.

आक्का मात्र स्क्रीनवरचं आपलं नाव निरखत होत्या.

"घर सासऱ्यांच्या नावावर. गाडी ह्यांच्या. गॅससुदिक ह्यांच्याच नावावर हाय," त्या म्हणाल्या. "हे एवढं माझ्या नावावर झालं बघा."

प्रसेनजीत चेष्टा करायच्या बेतात होता. पण त्याला एकदम आपली आई आठवली; तिच्याही नावावर काहीच नव्हतं.

"आता ह्यात दुसरं कोण शिरणार न्हाय न्हवं?"

"तुम्ही दिल्याशिवाय न्हाय, आक्का."

"मग सरांनी मागितलं तर मला इचारा," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची जरा पुढं ओढून बसल्या.