छातीच्या डॉक्टरांचा हुक्का

सूनबाई बाहेरून आल्या आणि मोरीच्या दारातच थबकल्या. सासूबाई पाटावर बसून लिंबाच्या फोडीने हुक्का घासत होत्या.

हुक्का म्हणजे त्याचा खालचा, पाणी भरायचा भाग. घंटेसारखा, पितळी, अंगभर कोरीव वेली आणि गळ्याभोवती फारसी अक्षरांची एक ओळ. सूनबाई जुनी कोरीव भांडी दुरुस्त करत. हे भांडं बुडाचा पोचा काढायला आलं होतं, आणि ते पाठवणारे होते छातीचे नामांकित डॉक्टर. दिवसभर लोकांच्या विड्या सोडवायच्या आणि घरी जुने हुक्के जमवायचे, असा त्यांचा खाक्या.

"आई! अहो, काय केलंत हे?"

"केलं काय? घासलं. किती कळकट होतं! बघ, कसं लखलखतंय."

सूनबाईंना रडू की हसू ते कळेना. कोरलेल्या रेषांमधला काळा रंग म्हणजे त्या कामाचा जीव. तोच नेमका मोरीतून वाहून गेला होता.

"तीनशे वर्षांचा रंग होता तो, आई."

"तीनशे?" सासूबाईंनी बोट नाकाशी नेलं. "अगं, हे बुटांचं पॉलिश आहे. तुझ्या सासऱ्यांचे बूट चाळीस वर्षं चमकवलेत मी. मला शिकवतेस?"

सूनबाईंनी वास घेतला. पॉलिशच होतं.

म्हणजे डॉक्टरांना कुणीतरी टोपी घातली होती. आता हे त्यांना सांगायचं कसं? संध्याकाळी डॉक्टर आले तेव्हा सूनबाई हवापाण्याच्या गप्पा मारत राहिल्या. सासूबाईंना असला धीर कुठला? त्यांनी भांडं आणून सरळ टेबलावर ठेवलं.

"डॉक्टरसाहेब, तुम्हाला फसवलंय हो कुणीतरी. बुटांचं पॉलिश चोपडलं होतं याला."

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ते... मीच लावलं होतं," ते पुटपुटले.

"तुम्ही?"

"मित्र म्हणाले, हा बाकीच्यांइतका जुना दिसत नाही. आमची ही पण हसली. मग म्हटलं, जरा..."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. सूनबाईंनी मात्र भिंग उचललं. पॉलिश गेल्यामुळे आता रेषा उघड्या पडल्या होत्या. गळ्याजवळ, जिथे हाताने धरतात तिथे, वेली झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. नव्या भांड्याला अशी झीज येत नाही. एका बाजूला कारागीर एक फूल कोरायचंच विसरला होता आणि शेजारच्या पानाला ओढूनताणून रुंद करून त्याने वेळ मारून नेली होती.

"डॉक्टर, हे अस्सल जुनं आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हीच झाकून ठेवलं होतंत."

डॉक्टरांनी भिंग जवळजवळ हिसकावलंच. ते रुंद पान सापडल्यावर असे खुदकन हसले, की त्यांनाच खोकला आला.

"पाणी घ्या," सासूबाई म्हणाल्या, "आणि छाती दाखवा कुणाला तरी."

जाताना डॉक्टर दारात घुटमळले. घरच्या आणखी दोन हुक्क्यांनाही त्यांनी पॉलिशचा हात मारला होता म्हणे. आजींना वेळ असेल का?

"मंगळवारी आणा," सासूबाई म्हणाल्या. "लिंबं तुमची."

"लिंबं नकोत!" सूनबाई ओरडल्या. "मी सांगेन तसंच धुवायचं, आई. मऊ फडक्याने. आणि मी शेजारी बसणार."

"बस की," सासूबाई म्हणाल्या, "मला कुठे एकटीला करमतंय?"