चौकटीतलं माझं वाक्य

माझ्या मावशीचं काम असं, की कुणी इंटरनेटवर काही शोधलं तर तिच्या गिऱ्हाइकाची साइट यादीत सगळ्यांत वर दिसली पाहिजे. दहा वर्षं दिसलीही. मग यादीच्याही वर एआयची चौकट आली, लोकांना उत्तर तिथंच मिळायला लागलं आणि मावशीची गिऱ्हाइकं एकेक करून गळाली. उरले एक गादीवाले. त्यांनी शुक्रवारपर्यंतची मुदत दिली होती. लोक साइटवर आले नाहीत, तर काम बंद.

मावशी टेबलावरून उठेना. चहावर साय धरायची, तरी हिचं लक्ष नाही. मी शाळेतून थेट तिच्याकडे जायचे. वक्तृत्वात पहिली आल्यापासून मला कुठेही तोंड घालायचं बळ आलंय, असं आई म्हणते.

गादीवरचे डाग काढायचा तिचा लेख वाचून मी कपाळाला हात लावला. आधी झोपेचं महत्त्व, मग कापसाचा इतिहास, खरं उत्तर पार तळाशी. मावशी म्हणाली, मुद्दामच गं, माणूस खाली जाईपर्यंत साइटवर थांबतो, हीच तर आमची विद्या. मी म्हटलं, यंत्राला कुठला एवढा धीर? उत्तर पहिल्या ओळीत टाक. ती इतकी मेटाकुटीला आली होती की तिनं कीबोर्डच माझ्याकडे सरकवला.

मी एका वाक्यात सगळं बसवलं. कोमट पाणी, खायचा सोडा, अर्धा तास, कोरडं फडकं. गुरुवारी आम्ही बघतो तर चौकटीत माझं वाक्य, शब्द न् शब्द! खाली बारीक अक्षरांत गादीवाल्यांचं नाव. मी खुर्चीवर चढून नाचले. मावशी कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, तुला भागीदारच करते.

शुक्रवारी गादीवाल्यांचा फोन आला. कालपासून साइटवर किती आले? मावशीनं आकडा बघितला. अकरा. त्यात नऊ वेळा आम्हीच दोघी. गादीवाले भले माणूस, आवाजसुद्धा चढवला नाही.

"लोकांचे डाग निघाले, ताई," ते म्हणाले. "आमच्या गाद्या मात्र जागच्या जागीच आहेत. थांबू या आता."

फोन ठेवताच मी घाईघाईनं म्हटलं, वाक्य बदलू, अर्धंच सांगू, सोडा किती ते सांगायचंच नाही.

"मग ते यंत्र दुसऱ्या कुणाचं उचलेल," मावशी म्हणाली. "तुझं वाक्य छान होतं गं. त्यात सगळं होतं. मग आत कोण कशाला येईल?"

मी कीबोर्ड परत तिच्याकडे सरकवला.

मावशीनं तोच प्रश्न पुन्हा टाइप केला. चौकटीत माझं वाक्य आलं. तिनं ते शेवटपर्यंत वाचलं आणि खालच्या बारीक नावावर बोट ठेवून साइट उघडली.

आकडा बारा झाला.