उलटी फिरणारी भिंगरी

मंदाकिनीवहिनींच्या नणंदेचं लग्न वैशाखात होतं. रुखवतात मांडायला क्रोशाचा टेबलक्लॉथ करायचं ठरलं. चोवीस गोल चकत्या विणून जोडायच्या, प्रत्येक चकतीत भिंगरीसारखी आठ पाती. बारा चकत्या वहिनी करणार, बारा शेजारच्या खोलीतली प्रमोदिनी. प्रमोदिनीला डोंबिवलीत बिऱ्हाड करून जेमतेम वर्ष झालं होतं. नवरा कचेरीत गेला की दुपार सरता सरत नसे, म्हणून तिने हौसेने हो म्हटलं.

वहिनींनी समोर बसून एक चकती विणून दाखवली. आधी साखळीचं कडं, त्यात सोळा खांब, म्हणजे उभे टाके, मग एकेक पातं. प्रमोदिनीने नीट बघून घेतलं, ती चकती नमुन्याला मागून घेतली आणि घरी येऊन सुई हातात धरली. पहिली चकती वाटीसारखी वर वळली. दुसरीत खांब जास्त झाले आणि तिची कड भाजलेल्या पापडासारखी वेडीवाकडी झाली. तिसरी मात्र सपाट बसली. ती आनंदाने वहिनींच्या चकतीशेजारी ठेवली, तर हिची पाती भलत्याच दिशेला फिरत होती.

पालटून पाहिली. आता पाती जुळली, पण खांबांची पाठ वर आली आणि सगळं काम ओबडधोबड दिसायला लागलं. टाके मोजले, बरोबर होते. उसवून पुन्हा विणली, पुन्हा तसंच. नवरा म्हणाला, "दिसतेय की छान!" त्याचा तिला आणखीच राग आला. चार दिवसांत दोरा मळून राखाडी झाला, बोटाला सुई घासून घट्टा पडला, आणि आपलं नेमकं काय चुकतंय ते काही कळेना.

शेवटी ती वहिनींकडे गेली. "वहिनी, मला नाही जमत. तुमचं बघूनच केलं, तरी उलटंच येतं."

"माझ्यासमोर विण बघू," वहिनी म्हणाल्या. दोन टाके झाले तोच त्यांनी तिचा हात धरला. "अगं, तू डावखुरी आहेस?"

"छे! मी उजव्याच हाताने लिहिते, जेवते."

"मग सुई कुठल्या हातात आहे?"

प्रमोदिनीने खाली पाहिलं. सुई डाव्या हातात होती. ती कधी तिथे गेली, तिला सांगता येईना. उजव्या हाताने करून पाहिलं, तर साधी साखळीही धड होईना.

त्याच रविवारी तिचे वडील, अण्णा, कळव्याहून आले. चहा होईपर्यंत ती विणत बसली होती. अण्णा बराच वेळ तिच्या हाताकडे बघत राहिले.

"प्रमे, हा हात अजून चालतो?"

"म्हणजे काय, अण्णा?"

"तू चार वर्षांची असताना डाव्या हाताने जेवायचीस. लोक हसतील म्हणून मी तो उपरण्याने कमरेला बांधून ठेवायचो. सहा महिने. तू रडायचीस. तुला आठवत नाही?"

तिला आठवत नव्हतं. राग यावा की रडू यावं, तेही तिला समजेना. अण्णांनी हात पुढे केला तेव्हा तिने चकती त्यांच्या तळव्यावर ठेवली. चष्मा कपाळावर चढवून ते पाती मोजू लागले, अडखळले, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.

"सुबक आहे," ते म्हणाले. "चुकलंय कुठे यात?"

"कुठेच नाही बहुतेक," ती म्हणाली, आणि आपण हे म्हटलं याचं तिलाच नवल वाटलं.

वहिनींनी मग एक उजवी, एक डावी अशा चकत्या जोडल्या. रुखवत बघायला आलेल्या बायका त्या कापडापाशी रेंगाळायच्या, मान इकडे तिकडे वळवायच्या. "काहीतरी वेगळं आहे बाई यात," म्हणायच्या. काय ते मात्र कोणालाच सांगता येत नव्हतं. प्रमोदिनी कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती. तिलाही ते नीट सांगता आलं नसतं.