सणासुदीचा पितळी गंज

मित्रांनो, गंज म्हटलं की तुम्हाला खिळ्यावर चढलेला तांबडा थर आठवेल. मी तो नव्हे! आमच्या भंडाऱ्याकडे रुंद तोंडाच्या उभ्या भांड्याला गंज म्हणतात. मी तसाच एक पितळी गंज आहे, वयाने म्हातारा आणि पोटाने मोठा.

१९७१ साली भंडाऱ्याच्या एका कासाराने मला घडवलं. हजारो ठोके बसले तेव्हा कुठे मला पोट आलं. मग आतून कथलाची कल्हई चढली आणि मी आंधळगावच्या टिकाराम आणि देवकाबाई यांच्या घरी आलो. घर भातशेतीचं, माणसं खाण्यापिण्याची हौशी. माझ्या पोटात काय शिजतंय यावरून तिथे महिना कळत असे. संक्रांतीला गुळाचा पाक, होळीला पुरण, अक्षय तृतीयेला चिंचवणी, पोळ्याला पुन्हा पुरण, कोजागिरीला साऱ्या आळीचं दूध आणि नवा धान आला की त्याच्या तांदळाची खीर! एवढं मोठं भांडं आळीत दुसरं नव्हतं. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरे, तेव्हा शेजारच्या कुंताबाई दारातूनच हाक मारत, "देवका, मंडईले पाहुणे येऊन राहिले वं, गंज देजो!" मी जात असे आणि परत येताना तळाशी काहीतरी गोड घेऊन येत असे. आपल्यावाचून कोणाचा सण होत नाही, असं मला वाटू लागलं होतं.

पण मित्रांनो, पितळेला एक पथ्य असतं. आतली कल्हई दरवर्षी नवी करावी लागते, नाहीतर आंबट पदार्थ पितळेला लागून कळकतो, म्हणजे विषारी होतो. गावात येणारा कल्हईवाला दोन वर्षं फिरकलाच नाही. माझ्या तळाशी पिवळं पितळ उघडं पडलं. देवकाबाईंना ते दिसलं होतं. घासताना त्या म्हणत, "करू दिवाळीनंतर." दिवाळी गेली, दुसरी आली, तीही गेली.

१९७९च्या उन्हाळ्यात घरात सून आली, रुखमिणी. तिचे वडील जवाहरनगरच्या कारखान्यात होते. तिच्या माहेरी क्वार्टरमध्ये सगळी भांडी स्टीलची, कल्हईची ओळखच नाही. अक्षय तृतीयेला तिने हौसेने पहाटेच उठून चिंच कोळली, गूळ घातला आणि चिंचवणी माझ्यात झाकून ठेवली. माझ्या तळाची आग आग होत होती, पण मला ओरडता थोडंच येतं!

दुपारी पाहुण्यांची पंगत बसली. टिकारामांनी वाटी तोंडाला लावली आणि लगेच खाली ठेवली.

"कळकलं हे," ते म्हणाले. "फेकून द्या. लेकराइले देऊ नका."

पितरांच्या नैवेद्याची वाटीसुद्धा ओतून द्यावी लागली. कुंताबाई सगळ्यांदेखत बोलल्या, "क्वार्टरातली सून आणली, तिले साधी चिंचवणी नाही जमत!" रुखमिणीची मान खाली गेली. मला वाटलं, आता देवकाबाई खरं काय ते सांगतील. त्या माझ्याकडे पाहत उभ्या राहिल्या, आणि काहीच बोलल्या नाहीत.

मला माळ्यावर उपडं ठेवलं गेलं. रुखमिणीलाही सणाच्या दिवशी चुलीपासून दूर बसवू लागले. तिने फक्त भाजी चिरायची. पोळ्याला पुरण पातळशा अॅल्युमिनियमच्या पातेल्यात शिजलं आणि तळाला लागलं. करपल्याचा वास माळ्यापर्यंत आला. खोटं कशाला बोलू, मला थोडं बरंच वाटलं!

कोजागिरीच्या दोन दिवस आधी रुखमिणीने मला खाली काढलं, तळाचं उघडं पितळ नवऱ्याला दाखवलं, जुन्या लुगड्यात बांधलं आणि नवऱ्यासोबत, श्यामरावसोबत, एसटीने भंडाऱ्याला नेलं. वाटभर मी तिच्या मांडीवर होतो. कल्हईवाल्याने माझ्या तळावर बोट फिरवलं.

"यात आंबट ठेवलं होतं काय, बाई?"

"हो. कळकलं. मले काही समजलंच नाही."

"तुमचा दोष नाही. याची कल्हई काही आज नाही गेली. दोन-तीन वर्षं झाली असतीन."

रुखमिणीने डोळे पुसले. मग ती म्हणाली, "चांगली जाड करून द्या, भाऊ."

त्याने भाता मारला, मी चांगलाच तापलो. नवसागराचा पांढरा धूर उठला, कथील वितळलं, कापसाचा बोळा गरगर फिरला आणि माझं पोट चांदीसारखं लखलखलं.

घरी आल्यावर तिने सासूला एका शब्दानेही टोचलं नाही. कोजागिरीला दिवस मावळताना अंगणात चूल पेटली. आळीतल्या बाया दुधाचे लोटे घेऊन आल्या, पण मला पाहून थबकल्या. कुंताबाईंनी लोटा पदराआड घेतला. "पुन्हा नासलं तं?"

रुखमिणी पळी धरून नुसती उभी. तेवढ्यात देवकाबाई पुढे आल्या आणि आपलं दूध त्यांनी माझ्यात ओतलं.

"त्या दिवशी कळकलं ते माझ्यानं," त्या मोठ्याने म्हणाल्या. "कल्हई गेली, हे मले मालूम होतं. पोरीनं बोल खाल्ले अन् मी चूप राहिली. ओत वं कुंता, काहून थांबली?"

कुंताबाईंनी लोटा पदराआडून काढला. मग तो रिता झाला, मागून सगळ्यांचे. दूध आटू लागलं, चारोळी पडली, वेलची पडली. चंद्र वर येईपर्यंत पोरांनी दोनदा रांग लावली. टिकारामांनी तिसरा पेला मागितला, तोवर मी रिकामा!

वाढणाऱ्या रुखमिणीला थेंबही उरला नव्हता. देवकाबाईंनी लाकडी पळीने माझ्या कडांची जाड, गोड खरवड काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. "हे रांधणारीचं," त्या म्हणाल्या. रुखमिणी हसली आणि त्यातली अर्धी तिने सासूच्या तोंडात घातली.

पुढे सारे सण रुखमिणीच्या हाताखाली गेले. दसऱ्याआधी माझी भंडाऱ्याची वारी कधी चुकली नाही. म्हणून मित्रांनो, सणाला पोटभर खा, पण त्याआधी भांड्यात एकदा डोकावून पाहा. कल्हई गेली असेल तर 'पुढच्या वर्षी करू' म्हणू नका. आणि गंज रिकामा होण्याआधी वाढणारीला विचारा, "तुझ्यासाठी ठेवलं का?"